बांधावरच्या गप्पा : हायब्रीड गाडी घ्यावी का?



‘हायब्रीड’ हा शब्द आपल्या घरात पहिल्यांदा आला तो ज्वारीच्या पोत्यातून. १९६४ साली सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचे वाण आले आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत खेडोपाडी पोचले. माझ्या लहानपणी ताटात हायब्रीडची भाकरी आली की आजी तोंड वाकडे करी. “चव नाही रे हिला, नुसतं पोट भरतं,” म्हणे. पुढे कृषी पदवीला गेल्यावर कळले की हायब्रीड बी भरघोस देते खरे, पण खत, पाणी, फवारणी सगळे वेळच्या वेळी दिले तरच. हलक्या माळावर फेकून द्याल तर बियाण्याला मोजलेले जास्तीचे पैसेसुद्धा निघत नाहीत. एवढे ध्यानात असू द्या. कारण तोच शब्द आता चार चाकांवर बसून आपल्या दारात आला आहे.

२०२५ ची दिवाळी झाल्यावरची गोष्ट. निफाड तालुक्यातले एक ओळखीचे बागायतदार आपल्या मुलाला घेऊन माझ्या घरी आले. गावात त्यांना सगळे तात्या म्हणतात, आपणही तात्याच म्हणू. सात एकर जमीन, त्यातली चार एकर द्राक्षबाग. मी म्हटले, बागेचेच काही असणार. त्या वर्षी मे महिन्यात सुरू झालेला पाऊस ऑक्टोबरअखेरपर्यंत हटला नव्हता, काडीत गर्भधारणा नीट झाली नव्हती आणि छाटणीनंतर पुष्कळांचे घड जिरून गेले होते. पण तात्यांनी पिशवीतून काढले ते पान नव्हते, काडी नव्हती. गुळगुळीत कागदाचे रंगीत पुस्तक होते. त्यावर काळीभोर, उंच, हत्तीसारखी मोटार.

“साहेब, रस्त्यात वीस गुंठे गेले. बावीस लाख आले. पोराचं म्हणणं, ही गाडी घ्यायची. पन्नास हजार भरून नाव लावून आलाय. तुम्ही सांगा.”

मुलगा हुशार, शेती पदविका झालेला. तो लगेच म्हणाला, “काका, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालते. लिटरला तेवीस किलोमीटर. एवढ्या मोठ्या गाडीला! डिझेलच्या जुन्या गाडीपेक्षा पैसे वाचतीलच.”

आता मी काही मोटारींचा जाणकार नव्हे. पण शेतात येणारी कोणतीही वस्तू, मग ती इंजिन असो, ठिबक असो की फवारणीचा ब्लोअर, आधी चालते कशी आणि परवडते कुणाला हे पाहिल्याशिवाय मी मत देत नाही. म्हणून दोन दिवसांची मुदत मागून घेतली, शोरूमला फोन केला, एका माहीतगार मेकॅनिकला गाठले आणि कागदावर आकडे मांडले. तेच तुमच्यापुढे ठेवतो, कारण तात्यांसारखी पुस्तके आणखीही दोन-तीन घरांत माझ्या पाहण्यात आली आहेत.

गाडी चालते कशी ते आधी सांगतो. हिच्यात पेट्रोलचे इंजिन असते आणि जोडीला विजेची मोटर. जू एक, बैल दोन. गाडी हलवताना आणि हळू चालताना मोटर पुढे होते, वेग वाढला की इंजिन ओढू लागते, चढाला दोघे मिळून जोर करतात. बॅटरी भरायला बाहेरून वायर लावावी लागत नाही. सायकलचा डायनॅमो आठवतो ना, चाकाला टेकवला की दिवा लागे आणि सायकल जड होई? तसेच इथे. सप्तशृंगी गडावरून खाली उतरताना तुम्ही ब्रेक दाबता, तेव्हा तीच मोटर डायनॅमो होऊन चाकाचा जोर वीज करून बॅटरीत भरते. साध्या गाडीत हा जोर ब्रेक तापवण्यात फुकट जातो. जपानात १९९७ च्या डिसेंबरमध्ये टोयोटाने प्रियस नावाची अशी पहिली गाडी मोठ्या संख्येने विकायला काढली. आपल्या देशात अशा महागड्या गाड्या आधीपासून थोड्याफार दिसत होत्या, पण २०२२ साली ग्रँड व्हिटारा, हायरायडर आणि वर्षाच्या शेवटी इनोव्हा हायक्रॉस आल्यावर हा प्रकार तालुक्याच्या गावापर्यंत पोचला.

एक खबरदारी इथेच सांगून टाकतो. शोरूममध्ये दोन तऱ्हेच्या गाड्यांना हायब्रीड म्हणतात. एकीत मोटर इतकी लहान असते की ती इंजिनाला नुसता हातभार लावते, एकटी गाडी ओढू शकत नाही. तिला माइल्ड हायब्रीड म्हणतात. दुसरी स्ट्राँग हायब्रीड, ती थोडे अंतर का होईना पण निव्वळ बॅटरीवर चालते. तेव्हा विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा : इंजिन बंद असताना गाडी पुढे जाते का? तो आढेवेढे घेऊ लागला तर काय ते समजा. बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल आपण वाचतो, तसे हेही वाचायचे.

आता ही बचत होते कुठे? जिथे वारंवार थांबावे लागते, पुन्हा निघावे लागते, तिथे. भिवंडीच्या वाहतुकीत, नाशिकच्या द्वारका चौकात. तिथे साधी गाडी जागेवर उभी राहून पेट्रोल पिते आणि हायब्रीडचे इंजिन गप्प बसते. मोकळ्या महामार्गावर सलग शंभरच्या वेगाने गेलात तर मोटरला काम फारसे उरत नाही आणि फरक कमी होतो. आणि आपल्या घर ते मळा अशा दोन किलोमीटरच्या फेरीत? हिवाळ्याच्या सकाळी इंजिन आधी स्वतः गरम होण्यासाठी चालते, ते गरम होईस्तोवर मळा येतो. कागदावरचे तेवीस हे प्रयोगशाळेतले असतात. आपल्या विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर एकरी जे उत्पन्न येते ते आपल्या रानात येते का? तसेच आहे हे. सगळे धरून मेकॅनिकने मला सोळा सांगितले, मी सोळाच धरले.

पेट्रोलचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. २०२५ पासून पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. ते आपल्याच उसाचे, मक्याचे. इथेनॉलमध्ये लिटरमागे शक्ती पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश, म्हणून अ‍ॅव्हरेज थोडे उतरते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत नितीन गडकरी यांनी इथेनॉलवर आणि बॅटरीवर चालणाऱ्या इनोव्हाचा नमुना लोकांपुढे आणला होता. ऊसवाल्यांना त्याचे अप्रूप वाटणे साहजिक आहे, पण नमुना तो नमुना. आज घ्यायच्या गाडीचा हिशेब आजच्या पंपावरच करायचा.

आता पैशांकडे येऊ. तात्यांच्या पुस्तकातल्या गाडीची शोरूमची किंमत तीस लाख. हिच्यात सरकारचा वाटा किती? २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवर ४० टक्के जीएसटी आहे, वेगळा अधिभार आता नाही. तीस लाखांत मूळ गाडी झाली साधारण २१ लाख ४३ हजारांची आणि कर ८ लाख ५७ हजार. त्यावर पासिंगच्या वेळी आपल्या राज्याचा मोटार वाहन कर. वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला तो १३ टक्के, म्हणजे ३ लाख ९० हजार. हायब्रीड म्हणून त्यात सूट धरू नका. उत्तर प्रदेशाने २०२४ साली तशी दिली होती, तिकडची बातमी वाचून इकडे हिशेब करू नये. पहिल्या वर्षाचा विमा सव्वा लाख धरला. आणि दहा लाखांवरची गाडी घेतली की शोरूमवाला एक टक्का रक्कम आयकराच्या खात्यात जमा करायला घेतो, ते ३० हजार. हा एक टक्का परत मिळू शकतो बरे का! तुमचे उत्पन्न निव्वळ शेतीचे असेल तर आयकराचे विवरणपत्र भरून तो मागता येतो. पुष्कळ शेतकऱ्यांना हे ठाऊकच नसते आणि पैसे तसेच राहतात. पॅन नंबर बरोबर दिला आहे ना, तेवढे पाहा.

बेरीज झाली साडेपस्तीस लाखांच्या घरात. त्यातले जवळपास साडेबारा लाख निव्वळ कराचे. याच तारखेपासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, ठिबक आणि तुषार संचावरचाही पाचवर आला. सरकारच्या लेखी कोणती वस्तू गरजेची आणि कोणती हौसेची, ते या दोन आकड्यांत दिसते. हौस वाईट असे मी म्हणत नाही. फक्त हौसेचा दर माहीत असावा.

मुलाने विचारले, “मग विजेचीच घेतली तर, काका? तिच्यावर पाचच टक्के जीएसटी आहे.” प्रश्न चांगला होता. पण घरचा वीजपुरवठा, रात्रीचे भारनियमन, लांबच्या प्रवासात चार्जिंगची सोय हा सगळा वेगळा विचार आहे. त्यावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल.

तात्यांचा बेत असा होता : मोबदल्याच्या बावीस लाखांतून साडेपंधरा लाख भरायचे आणि वीस लाखांचे कर्ज काढायचे, सात वर्षांच्या मुदतीने, ९ टक्क्यांनी. मी हप्ता काढला. महिना ३२ हजार १७८ रुपये. चौऱ्याऐंशी हप्ते मिळून सत्तावीस लाख तीन हजार. म्हणजे सात लाखांवर व्याज. वर्षाचे हप्ते तीन लाख शहाऐंशी हजारांचे.

हा आकडा ऐकून तात्या फारसे दचकले नाहीत. बागायतदाराला लाखांचे आकडे नवे नसतात. म्हणून मी त्यांना दुसरी गोष्ट विचारली : “तात्या, सप्टेंबर ते जानेवारी तुमच्या खात्यात पैसा कुठून येतो?”

ते गप्प राहिले. येत नाहीच. फळछाटणीपासून माल निघेपर्यंत बागेत नुसता पैसा जातो. पेस्ट लावणे, डिपिंग, विरळणी, मजूर आणि फवारण्या. ढगाळ हवा असली की डावणी एका रात्रीत घडावर बसते, त्या दिवशी औषध नसले तर दुसऱ्या दिवशी आणून उपयोग नाही. पैसा येतो फेब्रुवारी ते एप्रिल, तोही व्यापाऱ्याचा चेक वटला तर. आणि हप्ता? तो दर महिन्याच्या पाच तारखेला येणार. त्याला छाटणी कळत नाही, गारपीट कळत नाही. नोकरदाराचा पगार महिन्याचा, म्हणून त्याला महिन्याचा हप्ता सोसतो. आपले उत्पन्न हंगामाचे. नोव्हेंबरात एका बाजूला हप्ता आणि दुसऱ्या बाजूला औषधाच्या दुकानाची उधारी उभी राहिली, की माणूस कोणती चुकवतो? हप्ता चुकला तर बँकेचा माणूस दारात येतो, चारचौघांत लाज जाते. म्हणून तो हप्ता भरतो आणि फवारणी चार दिवस पुढे ढकलतो. माझ्या नोकरीत मी अशा बागा पाहिल्या आहेत. बाग बुडाली ती पावसाने, असे सगळे म्हणतात. पाऊस होताच. पण औषध उशिरा का पडले ते घरातल्यांनाच ठाऊक असते.

आणि हप्ते खरोखर थकलेच तर सिबिलचा आकडा घसरतो. पुढे कोणत्याही कर्जासाठी गेलात की तो आकडा तुमच्या आधी बँकेत जाऊन बसलेला असतो. पीककर्जाची उचल करून गाडीचा हप्ता भरायचा हा उद्योग तर चुकूनही करू नका. पीककर्ज वेळेवर फेडले तर व्याजात सवलत मिळते, ते स्वस्त कर्ज महागड्या कर्जात ओतले की दोन्ही हातचे जाते.

तरीही मुलाचे एक म्हणणे उरत होते. गाडी तर घ्यायचीच आहे, मग पेट्रोल वाचवणारी का नको? हे मात्र विचार करण्याजोगे होते. मी म्हटले, “बाळा, एक वही घे. तुमच्याकडे आता जी जुनी जीप आहे तिची रोजची धाव लिही. कुठे गेलो, किती किलोमीटर. महिनाभर. मग बोलू.”

महिन्याने वही आली. पोराने प्रामाणिकपणे लिहिली होती. नाशिकच्या तीन फेऱ्या, २५२ किलोमीटर. सिन्नरकडचे एक लग्न, १५०. पिंपळगाव बसवंतच्या बाराएक फेऱ्या, १६८. आणि घर ते मळा, मळा ते घर अशा त्रेचाळीस फेऱ्या, १७२. एकूण ७४२. वर्षाला नऊ हजार धरा.

तशीच गाडी नुसत्या पेट्रोलवरची घेतली तर लिटरला अकरा देईल, हायब्रीड सोळा देईल. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरले. नऊ हजार किलोमीटरला साध्या गाडीला ८६ हजारांचे पेट्रोल लागेल, हायब्रीडला ५९ हजारांचे. वर्षाची बचत सत्तावीस हजार. आणि दोन्ही गाड्यांच्या किमतीत फरक पाच लाखांचा! तो फरक भरून निघायला साडेअठरा वर्षे लागतील. बॅटरीची हमी साधारणपणे आठ वर्षांची किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची असते. साडेअठरा वर्षांनी तात्या पंच्याहत्तरीत असतील आणि गाडी भंगारात.

याच हिशेबाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. माझ्या ओळखीचे एक रोपवाटिकावाले आहेत. त्यांची धाव महिन्याला अडीच हजार किलोमीटर, त्यातली निम्मी मुंबई-ठाण्याच्या गर्दीत. वर्षाला तीस हजार झाले. त्यांना वर्षाला नव्वद हजारांची बचत होते, पाच लाख साडेपाच वर्षांत सुटतात. शिवाय त्यांचे पैसे दर आठवड्याला येतात. त्यांनी हायब्रीड घेतली आणि बरोबर केले. गाडी शांत चालते, घाटात दम लागत नाही, म्हाताऱ्या आईला मागे झोपवून नेता येते, असे ते सांगतात. गाडी तीच. फरक आहे तो रानाचा.

गाडी पाहायला गेलात तर आणखी एक-दोन गोष्टी विचारात घ्या, त्या शोरूममध्ये कोणी सांगणार नाही. पहिली उंदरांची. मी स्वतः एकदा माझी साधी मोटार कडब्याच्या गंजीशेजारी आठ दिवस उभी ठेवली होती. उंदरांनी आतल्या वायरी कुरतडल्या आणि सात हजारांचे बिल आले. हायब्रीडमध्ये नारिंगी रंगाच्या जाड तारा असतात, त्यांतून जबर दाबाची वीज खेळते. त्यांना गावातल्या मेकॅनिकने हात लावायचा नाही, घरच्या पोराने तर नाहीच. काही बिघडले तर शिकलेल्या कारागिराकडेच न्यावे लागते. तो तुमच्या गावापासून किती लांब आहे ते आधी मोजा. दुसरी गोष्ट धुळीची. पुष्कळ हायब्रीड गाड्यांत बॅटरी थंड ठेवायला पंखा असतो आणि त्याची हवा आत घ्यायची जाळी मागच्या सीटजवळ असते. तिच्यापुढे कांद्याची गोणी नाहीतर पेंडीचे पोते रेटून ठेवले, की जाळी फोलपटाने भरते आणि बॅटरी तापते. ही गाडी माणसांची आहे, क्रेटची नव्हे. द्राक्षाचे क्रेट न्यायला पिकअप लागणारच, तिचे भाडे किंवा तिचा हप्ता वेगळा. आणि लग्नसराईपुरती बाहेर काढून बाकी वर्ष झाकून ठेवाल, तर साधी बारा व्होल्टची बॅटरी उतरून बसते आणि एवढी मोठी गाडी जागची हलत नाही.

हे सगळे मी तात्यांच्या घरी जाऊन सांगितले. ओसरीवर आम्ही तिघे आणि दाराशी वहिनी. आकडे संपले तरी मुलाचा चेहरा काही उजळेना. तेव्हा वहिनीच बोलल्या.

“साहेब, तुम्ही पेट्रोलचा हिशेब मांडला. पण पोराला गाडी पेट्रोलसाठी नकोय. तीन ठिकाणी दाखवून झालं. शेतकरी म्हटलं की पोरीकडचे पुढं बोलत नाहीत. याला वाटतं, दारात गाडी असली म्हणजे बोलतील.”

मुलाने मान खाली घातली. इतका वेळ मी तिसाच्या आणि सोळाच्या गोष्टी करत होतो, आणि खरी गोष्ट ही होती.

बंधूंनो, यावर काय बोलावे ते मला झटकन सुचले नाही. मी स्वतः मुलीचा बाप आहे. जावई पाहायला गेलो तेव्हा अंगणात उभी असलेली मोटार मी पाहिली नव्हती असे म्हणालो तर ते खोटे होईल. पाहिली होती, आणि बरेही वाटले होते. ते मी तिथे कबूल केले. पण परतताना वाटेत माझ्या मंडळींनी विचारले होते, “गाडी कर्जाची आहे की रोखीची, ते विचारलंत का?” मी विचारले नव्हते. तिने मात्र आत चुलीपाशी सासूबाईंकडून सगळे काढून घेतले होते : विहिरीला उन्हाळ्यात पाणी किती, घरात बाथरूम कशी आहे, मुलगा पहाटे उठतो की नाही. बायका हे सगळे पाहतात. आणि कर्जावर घेतलेली गाडी लपत नाही. पासिंगच्या कागदावरच बँकेचे नाव असते.

वहिनी म्हणाल्या, “मी तेच म्हणते. गाडी बघून आलेली पोर नोव्हेंबरात औषधाला पैसे नाहीत हे बघंल, तेव्हा काय म्हणंल?” मग जरा थांबून, “आणि ती जमीन माझ्या सासऱ्यांनी विहीर खणून केलेली. तिचे पैसे आलेत. त्याची गाडी झाली तर दहा वर्षांनी आमच्याकडं काय राहतं?”

तात्या उठून आत गेले आणि पाणी पिऊन आले. मग त्यांनीच विचारले, “साहेब, बागेवर ते प्लास्टिकचं झाकण, त्याला एकरी काय पडतं?” एकरी पाच लाखांच्या घरात, मी म्हटले. सांगाडा, कागद, मजुरी धरून. दोन एकरांचे दहा लाख. कागद काही वर्षांनी बदलावा लागतो, तोही खर्च धरा. पण २०२५ सारखा पाऊस पुन्हा आला तर त्या दोन एकरांतले घड तरी हाती लागण्याची आशा राहते. हे झाकण म्हणजे रामबाण उपाय आहे असे मी त्यांना सांगितले नाही, तुम्हालाही सांगत नाही. वाऱ्याने फाटते, आत उष्णता वाढते, भुरीवर लक्ष ठेवावे लागते. तरी वीस गुंठ्यांचे पैसे पुन्हा मातीतच राहतात, एवढे खरे.

शेवटी मुलाला मी सरळ विचारले, “तुला काय वाटते?” तो पुष्कळ वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “काका, सोयरीक बघायला जीपमधून जायची लाज वाटते. तिचा मागचा दरवाजा दोरीनं बांधलाय.” आम्ही सगळे हसलो, तोही हसला. पण त्याचे म्हणणे खरेच होते. तिशीच्या मुलाला चारचौघांत नीट जायला यायला साधन हवे, ही काही चैन नव्हे. ते पस्तीस लाखांचे असले पाहिजे, एवढेच मला पटत नव्हते.

मग असे ठरले. नाव लावलेले रद्द करायचे. शोरूमवाल्यांनी दहा-बारा दिवस फेऱ्या मारायला लावल्या, पण पन्नास हजार परत आले. कागदावर बुकिंग रद्द करण्याची अट लिहून घेतली होती म्हणून आले, तुम्हीही ती आधी लिहून घ्या. दहा लाख बाजूला काढून दोन एकरांवर सांगाडा उभा करायचा. सहा लाखांच्या आत एक वापरलेली, बऱ्या स्थितीतली मोटार रोखीने घ्यायची, आणि ती घेण्याआधी मेकॅनिकला बरोबर न्यायचे. उरलेल्या सहा लाखांना दोन हंगाम कोणी हात लावायचा नाही. ते सप्टेंबर ते जानेवारीचे पैसे. वहिनींनी ती पावती स्वतःच्या नावावर करून घेतली, हे मला फार आवडले.

मुलाची वही मी बंद करू दिलेली नाही. तो आता भाजीपाल्याच्या रोपांचा जोडधंदा सुरू करायच्या विचारात आहे, त्यामुळे फेऱ्या वाढल्या आहेत. मागच्या महिन्यात १,०२० किलोमीटर झाले, असे त्याने परवा फोनवर सांगितले. मी त्याला म्हटले आहे, आकडा सलग सहा महिने अडीच हजारांवर गेला की ते रंगीत पुस्तक घेऊन पुन्हा ये. मी स्वतः तुझ्याबरोबर शोरूमला येतो.

तुमच्या घरी असा विचार चालू असेल तर तुमची महिन्याची धाव, हप्त्याचा आकडा आणि तुमच्या पिकाचा पैसा कोणत्या महिन्यांत येतो एवढे पोस्टकार्डावर कळवा. निवडक पत्रांचे हिशेब मांडून याच सदरात देईन. पुढच्या अंकात खरड छाटणीनंतरच्या पाण्याचे नियोजन.